चिंचोटीचा धबधबा : निबंधातला आणि जंगलातला



जुलै महिन्यात सहावीच्या वर्गाला मी "मी पाहिलेला धबधबा" हा निबंध दिला होता. वह्या तपासायला घेतल्या तर जवळपास प्रत्येक वहीत धबधबा "दुधासारखा शुभ्र" होता, तो "उंच कड्यावरून झेपावत" होता आणि त्याला पाहून सगळ्यांच्याच "डोळ्यांचे पारणे फिटले" होते. यातल्या बऱ्याच मुलांनी धबधबा पाहिलेलाच नाही, हे मला पक्कं माहीत आहे. कुणी गाईडमधून घेतलं, कुणी यूट्यूबवरून, कुणी ताईच्या जुन्या वहीतून. मुलांचा तरी काय दोष? अशा वाक्यांना मार्क मिळतात हे त्यांना कळलेलं असतं.

एक वही मात्र वेगळी निघाली. पाड्यावरून चालत शाळेत येणाऱ्या मुलीची. तिने लिहिलं होतं, "पाणी चहासारखं होतं. आवाज एवढा होता की बाबा काय बोलले ते ऐकू आलं नाही. बाबांनी मला लांबच उभं केलं." बस, एवढंच. वर्गात सगळ्यात जास्त मार्क तिला दिले आणि तिलाच ते वाचून दाखवायला लावलं. मुलं हसली. "बाई, धबधबा कधी चहासारखा असतो का?"

असतो ना! जोराचा पाऊस झाला की डोंगरावरची माती घेऊनच पाणी खाली येतं. दुधासारखा दिसतो तो पाऊस जरा थांबल्यावर, माती वाहून गेल्यावर. तिने जे पाहिलं तेच लिहिलं. आणि तिसऱ्या वाक्यात तिने जे लिहिलंय, त्यासाठीच मी हा लेख लिहायला बसले आहे.

ती म्हणते तो धबधबा म्हणजे आपला चिंचोटीचा. वसई-विरारकरांना वेगळं सांगायला नको, पण बाहेरगावचे शिक्षकही हा ब्लॉग वाचतात म्हणून थोडक्यात सांगते. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वसईच्या पूर्वेला चिंचोटी नाका आहे. तिथून कामण-भिवंडीकडे रस्ता फुटतो. वसई रोड किंवा नायगाव स्टेशनवरून नाक्यापर्यंत रिक्षाने येता येतं. पुढे गाव, गावामागे डोंगर आणि जंगल. जंगलातून साधारण तासा-दीड तासाची पायवाट, वाटेत ओहोळ ओलांडायचे, आणि मग धबधबा. हा सगळा भाग तुंगारेश्वर अभयारण्याचा. सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं हे जंगल २००३ साली अभयारण्य म्हणून जाहीर झालं. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि पलीकडचं तानसा अभयारण्य यांच्या मधला हा दुवा आहे. बिबट्या आहे, भेकर आहे, रानडुक्कर आहे. आपल्या मुलांच्या इमारतींच्या गच्चीवरून हा डोंगर रोज दिसतो, पण त्याचं नाव विचारलं तर निम्मा वर्ग गप्प.

निबंधाबाहेर हा धबधबा मुलांना अजून एका ठिकाणी भेटतो, बातम्यांमध्ये. दर पावसाळ्यात "चिंचोटीत तरुण बुडाला" अशी बातमी येतेच. ७ जुलै २०१८ च्या शनिवारी तर सकाळी फिरायला गेलेली शंभराहून जास्त माणसं पाणी वाढल्यामुळे जंगलात अडकली होती. अग्निशमन दल, पोलीस आणि आपत्ती दलाच्या जवानांनी त्यांना बाहेर काढलं. एकाचा जीव गेला. पुढच्या दोन-तीन दिवसांत वसई-नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी आलं आणि लोकल बंद पडल्या, ते तर सगळ्यांना आठवत असेलच. तेव्हापासून काय, त्याच्या आधीपासूनही, पावसाळ्यात तिथे जायला मनाईचे आदेश निघतात. पूर्वी कलम १४४ म्हणायचे, आता नव्या कायद्यात ते कलम १६३ झालंय. फलक लागतात, पोलीस उभे राहतात. तरी मुलं आडवाटेने जातात.

ऑगस्टच्या पालकसभेत एका आईने मला विचारलं, "बाई, माझा मोठा आता नववीत आहे. मित्रांबरोबर चिंचोटीला जातो म्हणतो. बंदी आहे सांगितलं तर म्हणतो सगळेच जातात. मी त्याला काय सांगू?" तिच्या शेजारी बसलेल्या दोन-तीन जणींनीही माना हलवल्या. "जाऊ नको म्हणा" एवढं सांगून मी मोकळी होऊ शकले असते. पण ते तर तिने आधीच सांगून पाहिलं होतं.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत, पाऊस पूर्ण थांबल्यावर आणि बंदी उठल्यावर, आम्ही स्वतःच तिथे जायचं ठरवलं. वन विभागाकडे आधी चौकशी केली. ही शाळेची सहल नव्हती, हेही सांगून टाकते. शाळेची सहल न्यायची तर किती परवानग्या, किती हमीपत्रं लागतात ते तुम्हाला माहीतच आहे, आणि अशा ठिकाणासाठी ती मिळूही नये असंच माझं मत आहे. आम्ही दोघी शिक्षिका, ती आई आणि तिचा नववीतला मुलगा. वाट दाखवायला त्या चहावालीचे, म्हणजे चहासारखं पाणी लिहिणाऱ्या मुलीचे बाबा. त्यांना आम्ही दादाच म्हणतो. मुलगीही बरोबर आली, सुट्टीच होती.

सकाळी सातला निघालो. शेतात भाताची कापणी चालू होती, बांधावर भारे रचलेले होते. महामार्गावरच्या ट्रकचा आवाज अर्ध्या तासात ऐकू येईनासा झाला. पुढे साग, ऐन, मधूनच बांबूची बेटं. सागाच्या पानांची किड्यांनी जाळी करून टाकलेली. वाटेवर दोन झाडांच्या मध्ये हाताच्या पंजाएवढ्या कोळ्यांची मोठी सोनेरी जाळी होती. मुलगी पुढे होती, ती प्रत्येक जाळ्याखालून वाकून जायची आणि मागे वळून आम्हालाही वाकायला सांगायची. नववीतल्या मुलाने सुरुवातीला मोबाईल बाहेर काढून ठेवला होता. नेटवर्क गेल्यावर तो खिशात गेला.

हे सगळं सुंदर होतं, खोटं कशाला बोलू? आणि तितकंच वाईटही. चिप्सची पाकिटं, थर्माकोलच्या ताटल्या, दारूच्या फुटलेल्या बाटल्या. ओहोळात अनवाणी पाय टाकायची सोय नाही. दादा म्हणाले, "बाई, आमची गुरं इथं पाण्यावर येतात. काच लागून पाय कापतात."

दुसऱ्या ओहोळापाशी पोचलो. ओहोळ कसला, घोट्याएवढं पाणी. चपला हातात न घेताही दगडांवरून उड्या मारत पलीकडे जाता येईल असा. नववीतला मुलगा म्हणालाच, "यात काय बुडतात लोक?"

दादा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त काठीने वर दाखवलं. काठावरच्या उंबराच्या फांदीत सुकलेलं गवत, काटक्या आणि एक फाटकी प्लास्टिकची पिशवी अडकून लोंबत होती. मला वाटलं वाऱ्याने उडाली असेल. मग दादांनी पलीकडच्या झाडावर दाखवलं, तिथेही तसंच. त्याच्या पुढच्या झाडावरही. सगळं साधारण एकाच उंचीवर, जणू कुणी दोरी धरून रेघ मारलीय. "हे जुलैचं पाणी," दादा म्हणाले. मुलाने हात वर करून पाहिला. पोचला नाही. टाचा उंचावल्या, तरी पोचला नाही.

त्यानंतर तो बराच वेळ गप्प होता. खरं सांगायचं तर मीही. मी डी.एड. केलं, परिसर अभ्यासाचे तास घेतले, पण पुराची खूण झाडावर वाचायची असते हे मला कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं. त्या मुलीला मात्र ते माहीत होतं. पुढच्या वाटेत ती बोटाने दाखवत गेली, "इथपण, इथपण."

पलीकडे दगडावर बसून आम्ही डबा खाल्ला तेव्हा दादांना विचारलं, एवढं पाणी किती वेळात येतं? ते म्हणाले की बिडी संपायच्या आत. खाली ऊन असलं तरी वर डोंगरावर पाऊस पडत असतो, तो इथून दिसत नाही. तुंगारेश्वरचा डोंगर दोन हजार फुटांहून उंच आहे, त्याच्या उतारावरचे सगळे ओहोळ एकत्र होत खाली येतात. लोणावळ्याला भुशी धरणाच्या वरच्या बाजूला ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात चार मुलं होती. तो व्हिडिओ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ती माणसं पोहायला उतरली नव्हती. ओढ्याच्या मध्ये उभी होती आणि पाणी वाढलं.

पाणी वाढायच्या आधी ते सांगून येतं का? दादांच्या म्हणण्याप्रमाणे येतं, ज्याला कळतं त्याला. पाण्याचा रंग बदलतो, स्वच्छ पाणी गढूळ होतं. पालापाचोळा, काटक्या वाहत यायला लागतात. आवाज जड होतो. यातलं एक जरी दिसलं तरी तसंच उठून उंचावर जायचं, बॅग घ्यायला, चपला शोधायला थांबायचं नाही. आणि पलीकडे अडकलात तर? "तर बसायचं. रात्र झाली तरी बसायचं. पाणी चढतं तसं उतरतं. अडकलेला माणूस मरत नाही बाई, घाई करतो तो मरतो." हे वाक्य मी तिथेच मोबाईलमध्ये लिहून घेतलं. एकमेकांचे हात धरून, साखळी करून ओलांडू असं मुलांना वाटतं. पण पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. गुडघाभर पाणीही मोठ्या माणसाला आडवं करतं, आणि साखळीतला एक पडला की तो बाकीच्यांना ओढतो.

शेवटचा चढ थोडा दमवणारा आहे. मग झाडी एकदम संपते आणि समोर काळा कातळ येतो.

ऑक्टोबरच्या शेवटी पाणी बेताचंच होतं. काळ्या दगडावरून दोन-तीन धारा उतरत होत्या, खाली हिरवट काळा डोह. आवाज इतकाच की आम्हाला एकमेकींचं बोलणं ऐकू येत होतं. दगडांवर गोल गोल खड्डे पडलेले दिसले. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रात असे रांजणखळगे आहेत, पाठात त्यांचं चित्र दाखवायला छान आहे. पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेला गोटा तिथल्या तिथे फिरत राहतो आणि वर्षानुवर्षं कातळ कोरत जातो. इथले खळगे त्यामानाने लहान, पण तयार झाले तसेच. मुलांना बघायला मजा वाटते. पण पावसाळ्यात हेच खळगे पाण्याखाली असतात, वरून दिसत नाहीत. आपण समजतो घोट्याएवढं पाणी आहे, पाऊल टाकतो आणि कमरेपर्यंत आत. वर शेवाळ इतकं की कोरड्या दिवसांतही माझा पाय एकदा सरकला, त्या ताईंनी हात धरला म्हणून बरं.

दादांनी डोहात एक लांब बांबू खाली घातला. तो पूर्ण गेला, दादांचा हात कोपरापर्यंत बुडाला, तळ लागला नाही. काठापासून चार-पाच फुटांवर!

मग मुलीने एक खेळ दाखवला. तिने सुकी काटकी उचलली आणि धार पडते त्याच्या जवळ फेकली. आम्हाला वाटलं काटकी वाहत काठाकडे येईल. ती आली नाही. गोल फिरून पुन्हा धारेखाली गेली, बुडाली, थोड्या अंतरावर वर आली आणि परत धारेकडे ओढली गेली. नववीतला मुलगा मोजायला लागला. सात फेऱ्या झाल्या तेव्हा कुठे ती बाजूला लागली. एवढ्याशा पाण्यात ही गत, तर जुलैत काय होत असेल, हे कुणी कुणाला सांगायची गरजच पडली नाही. वरून पडणारं पाणी खोल जातं आणि त्याची जागा भरायला पृष्ठभागावरचं पाणी धारेकडे खेचलं जातं. पोहता येणारी मुलंसुद्धा इथेच सापडतात. ती काठाकडे हात मारत राहतात, पाणी त्यांना मागे नेत राहतं.

आणि आता तो "दुधासारखा शुभ्र" फेस. पाणी पांढरं का दिसतं? त्यात हवेचे असंख्य बुडबुडे मिसळलेले असतात म्हणून. हवा मिसळली की पाणी हलकं होतं. हलकं पाणी अंगाला वर उचलून धरत नाही. शांत तलावात आरामात तरंगणारा माणूस त्या फेसाळ पाण्यात खाली जातो. म्हणजे निबंधात ज्या पांढऱ्या रंगाला आपण मार्क देतो, नेमका तोच भाग सगळ्यात धोक्याचा! हे कळल्यापासून ती ओळ वहीत आली की माझा लाल पेन थांबतो. खोडत नाही मी, पण शेजारी लिहिते, "पांढरा का दिसतो?"

आम्ही पाण्यात उतरलो नाही. काठावर बसून तोंडावर पाणी मारलं, एवढंच. नववीतल्या मुलानेही हट्ट केला नाही. परतताना त्याने आईला न विचारता ओहोळातली दोन-तीन पाकिटं उचलून आपल्या बॅगेत भरली. तीन वाजायच्या आत गावात परत आलो. दादांनी आधीच बजावलं होतं, जंगलात उशीर करायचा नाही.

सुट्टीनंतर शाळा सुरू झाली तेव्हा सहावीला हाच विषय पुन्हा घेतला, पण आधी गणिताच्या तासाला. आपल्या शहरात मुलांना लिटर, घनमीटर यापेक्षा टँकर लवकर कळतो. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला तर १ लिटर पाणी होतं, हे त्यांना चौकोनी ट्रेमध्ये पाणी ओतून दाखवलं. मग विचारलं, १०० मिलिमीटर पडला तर? शंभर लिटर. आमच्याकडे जुलैत एका दिवसात एवढा पाऊस होणं काही नवल नाही. आता डोंगराचा १ चौरस किलोमीटर उतार घ्या, म्हणजे १० लाख चौरस मीटर. मुलांनी शून्यं मोजत मोजत उत्तर काढलं, १० कोटी लिटर. सोसायटीत येणारा टँकर साधारण १०,००० लिटरचा. म्हणजे किती टँकर? दहा हजार! सगळं पाणी काही ओहोळात येत नाही, थोडं मुरतं, थोडं अडतं. पण जुलैपर्यंत जमीन भिजून गच्च झालेली असते आणि खाली कातळ असतो, त्यामुळे बरंचसं येतंच. दहा हजार टँकर एकामागोमाग एक त्या अरुंद ओहोळातून सुटले तर काय होईल, असं विचारल्यावर वर्गात जी शांतता झाली ती "बंदी आहे, जाऊ नका" म्हटल्यावर मी कधी पाहिली नव्हती.

पालकांसाठी सांगते, हे गणित घरी करायला पाच मिनिटं लागतात. मूल पाचवी-सहावीत असतानाच करा. नववीत गेल्यावर ते मित्रांचं ऐकतं, हे वेगळं सांगायला नको. आणि शक्य असेल तर नोव्हेंबरमध्ये, परवानगी असताना, माहीतगार माणूस सोबत घेऊन एकदा त्या झाडांवर अडकलेल्या काटक्या दाखवून आणा. शिक्षक मित्रांनो, शाळेजवळचा कुठलाही ओढा, नाला चालेल. चिंचोटीच पाहिजे असं नाही. पुलाच्या खांबावरही पुराची रेघ असते. मुलांना पट्टी देऊन ती लांबून मोजायला लावा, आपल्या उंचीशी तुलना करायला लावा, आणि मगच निबंध लिहायला सांगा. शब्द त्यांचे त्यांनाच सुचतात. माझ्या वर्गातल्या एकाने यावेळी लिहिलं, "धबधब्याच्या खाली पाणी मागे मागे येतं." व्याकरणात बसवायचं की नाही याचा मी विचारही केला नाही.

टँकरचं गणित संपत आलं तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलाने हात वर केला. त्याच्या चाळीत दिवसाआड पाणी येतं. "बाई, डोंगरावर एका दिवसात दहा हजार टँकर पाणी पडतं, तर आमच्याकडे मे महिन्यात विकतचा टँकर का येतो?"

तास संपला होता. पुढच्या आठवड्यात सूर्या, उसगाव आणि पेल्हार धरणांचा नकाशा घेऊन हाच पाठ पुढे न्यायचा आहे. कुणा शिक्षकांनी हा विषय आधी घेतला असेल तर नक्की कळवा.